मुलांसाठी सरकार काय देणे लागते?



आपल्या या सदरात बहुधा सुपरॅन्युएशन, घराचे कर्ज, रक्तातील साखर असे विषय येतात. आजचा विषय थोडा निराळा वाटेल, पण आरोग्य आणि पैसा ही दोन्ही टोके त्यात एकत्र येतात. लहान मुलांसाठी सरकारने काय करायचे, ते त्याचे कर्तव्य का मानायचे, आणि डँडेनॉन्ग परिसरातल्या आपल्या कुटुंबांनी त्यातले काय मागून घ्यायचे, ते या लेखात पाहू.

'मागून घ्यायचे' हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत हा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते : "आम्ही कष्टाचे खातो, सेंटरलिंकच्या दारात जायची वेळ अजून आलेली नाही." बोलणाऱ्याचा स्वाभिमान खरा असतो, त्याबद्दल आदरच आहे. पण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. नोकरी गेल्यावर मिळणारा भत्ता ही एक गोष्ट, आणि मुलाच्या वाढीसाठी केलेली तरतूद ही दुसरी. दुसरी मुलासाठी असते. आईवडील तिचे केवळ राखणदार. वडिलांच्या ताठ मानेची किंमत चार वर्षांच्या मुलाने का मोजावी?

"आपल्यात गरीब कोणी नाही" असेही म्हटले जाते. गरिबी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर दादर स्टेशनबाहेरचा फूटपाथ येतो. इथली गरिबी तशी दिसत नाही. ती मोजण्याची पट्टी मात्र आपल्या मेलबर्न शहरातच तयार झाली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मेलबर्न विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड हेंडरसन यांनी 1966 मध्ये या शहरातील कुटुंबांची पाहणी केली. नवरा-बायको आणि दोन मुले अशा घरासाठी त्या वेळचे मूळ वेतन अधिक मुलांचा सरकारी भत्ता, एवढ्या रकमेच्या खाली जो तो गरीब, अशी साधी रेषा त्यांनी आखली. पुढे 1972 मध्ये सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली गरिबीविषयी चौकशी आयोग नेमला आणि 1975 मध्ये त्याचा मुख्य अहवाल आला. ती रेषा आजही हेंडरसन यांच्याच नावाने ओळखली जाते.

अलीकडे दुसरी पट्टी जास्त वापरतात. देशातील सगळी घरे उत्पन्नाप्रमाणे एका रांगेत उभी केली, तर बरोबर मधल्या घराचे जे उत्पन्न असेल त्याच्या निम्म्याहून कमी ज्यांच्या हाती पडते ते गरीब. घरात माणसे किती आणि घरभाडे किती, याचाही त्यात विचार होतो. ऑस्ट्रेलियन कौन्सिल ऑफ सोशल सर्व्हिस आणि न्यू साउथ वेल्स विद्यापीठ यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार 2019-20 या वर्षी अशा घरांत 7 लाख 61 हजार मुले राहत होती. म्हणजे साधारण सहा मुलांमागे एक.

आता आपल्या भागाकडे या. ग्रेटर डँडेनॉन्ग ही कौन्सिल 1994 च्या डिसेंबरात, जुने डँडेनॉन्ग शहर आणि स्प्रिंगव्हेलचा बराचसा भाग जोडून बनली. दीडशेहून अधिक देशांत जन्मलेली माणसे इथे राहतात. फॉस्टर स्ट्रीटवर आपल्याला कोथिंबीर, पोहे आणि साडीचा फॉल मिळतो. पण याच शहराची गणना मेलबर्नमधील सर्वांत हलाखीच्या भागांत होते. एकच पगार, तोही डँडेनॉन्ग साउथमधील गोदामातल्या रात्रपाळीचा, दोन मुले, पंधरवड्याला भरायचे घरभाडे, बायकोची भारतातली पदवी इथे अजून मान्य न झालेली, आणि महिन्याच्या महिन्याला सोलापूरला सासूबाईंच्या औषधांचे पैसे. (गावी पाठवलेले पैसे या कोणत्याच पट्टीत वजा होत नाहीत, ही त्या पट्ट्यांतली उणीव आहे असे माझे मत.) अशा घरातली मुले गणेशोत्सवाला स्वच्छ कपड्यांत येतात, आरती तोंडपाठ म्हणतात. कोणाला काही कळत नाही. दात किडला तर डेंटिस्टकडे जाणे 'पुढच्या महिन्यात' होत राहते, आणि शाळेच्या कॅम्पची चिठ्ठी आली की आई शिक्षिकेला सांगते, "त्याला नाही आवडत कॅम्प."

मग ही जबाबदारी कोणाची? या देशाने या प्रश्नाची उत्तरे टप्प्याटप्प्याने बदलली आहेत. पहिले उत्तर होते, मालकाची. मेलबर्नच्याच सनशाइन भागातील शेती-अवजारांच्या कारखान्याबाबत न्यायमूर्ती हिगिन्स यांनी 1907 मध्ये प्रसिद्ध 'हार्वेस्टर' निकाल दिला. मजूर, त्याची बायको आणि तीन मुले यांना माणसासारखे जगता यावे एवढे वेतन, म्हणजे दिवसाला 7 शिलिंग, न्याय्य ठरवले गेले. निकाल थोर होता, पण हिशोबात एक खोट राहिली. अविवाहित तरुणाला आणि सहा मुलांच्या बापाला पगार तेवढाच. एकाला जास्त, दुसऱ्याला अपुरा.

दुसरे उत्तर 1941 मध्ये आले. मेन्झीस सरकारने पहिले मूल सोडून पुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला 5 शिलिंग देणे सुरू केले आणि त्यासाठी मालकांच्या एकूण पगारखर्चावर अडीच टक्के कर बसवला. म्हणजे पैसा उद्योगांचाच, पण तो गोळा करून ज्या घरात मुले आहेत तिथे पोहोचवायचे काम सरकारचे. पहिल्या मुलालाही 1950 पासून भत्ता मिळू लागला. भटके जीवन जगणाऱ्या मूलनिवासी कुटुंबांना मात्र सुरुवातीच्या कायद्यातून वगळले होते. कोणीतरी दाराबाहेर राहतेच. या मुद्द्याकडे पुढे परत यायचे आहे.

28 सप्टेंबर 1946 रोजी जनमत घेऊन मुलांचा भत्ता, प्रसूतीभत्ता, विधवा वेतन वगैरे देण्याचा अधिकार केंद्र सरकारला राज्यघटनेत लिहून दिला गेला. इथे एक बारीक फरक लक्षात घ्यावा. सरकारला देण्याचा अधिकार आहे. मुलाला मिळालाच पाहिजे असा हक्क घटनेत नाही. किती द्यायचे, कोणाला द्यायचे, हे दर वेळी संसद ठरवते. म्हणूनच ही रक्कम राजकारणाच्या वाऱ्याने वरखाली होत राहते.

1987 च्या निवडणुकीत पंतप्रधान बॉब हॉक यांनी, 1990 पर्यंत एकही ऑस्ट्रेलियन मूल गरिबीत राहणार नाही, असे जाहीर करून टाकले. त्या वाक्याची थट्टा अजून होते आणि खुद्द हॉक यांनाही पुढे त्याचा पश्चात्ताप झाला. परंतु थट्टा करणारे अर्धीच गोष्ट सांगतात. त्या घोषणेपाठोपाठ कमी उत्पन्नाच्या घरांसाठी पूरक भत्ता सुरू झाला आणि मुलांमधली गरिबी संपली नाही तरी कमी झाली. उलट दिशेचे उदाहरणही आहे. एकट्याने मूल वाढवणाऱ्या आया सगळ्यात धाकटे मूल आठ वर्षांचे झाले की कमी रकमेच्या बेकार भत्त्यावर ढकलल्या जाऊ लागल्या. जुन्या लाभार्थींनाही 1 जानेवारी 2013 पासून हा नियम लागला. ही मर्यादा चौदा वर्षांपर्यंत वाढवायला सप्टेंबर 2023 उजाडावा लागला. 'आपल्यात एकट्या आया नसतात' असे कोणी म्हणणार असेल तर त्याने जरा आजूबाजूला पाहावे. त्या आहेत, फक्त मंडळाच्या कार्यक्रमाला येणे त्यांनी थांबवलेले असते.

सर्वांत बोलका प्रयोग मात्र कोणी प्रयोग म्हणून केलाच नव्हता. कोविडच्या काळात, एप्रिल 2020 च्या अखेरीपासून, बेकार भत्त्यात पंधरवड्याला 550 डॉलरची भर घातली गेली. वर उल्लेखिलेल्या संस्थांच्याच हिशोबाप्रमाणे त्या तिमाहीत सुमारे 2 लाख 45 हजार मुले गरिबीच्या रेषेच्या वर आली. अर्थव्यवस्था जवळजवळ बंद असताना! नंतर ती भर कमी करत करत मार्च 2021 अखेर बंद केली गेली. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एकच आकडा बदलला आणि उत्तर लगेच बदलले, तर दोष कुठे आहे ते कळले असे आम्ही मानतो. न्यूझीलंडने 2018 मध्ये कायदाच केला की सरकारने मुलांच्या गरिबीचे लक्ष्य ठरवावे आणि दर वर्षी हिशोब द्यावा. ब्रिटनने 2010 मध्ये असा कायदा केला होता, पण 2016 मध्ये त्यातली लक्ष्ये काढून टाकली. ऑस्ट्रेलियात कायद्याने ठरलेली गरिबीची रेषाच नाही, मग लक्ष्य कुठून येणार?

एवढा इतिहास पुरे. पैसा ही एक बाजू झाली. दुसरी बाजू सेवेची, आणि तिचा धडा आपल्या घरचाच आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नव्हती. आईबाप कामावर, धाकटे भावंड कडेवर, आणि शाळेची वाट लांब. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. केंद्र सरकारने 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा हे नाव देशभर गेले. मूल येत नसेल तर दोष मुलाचा नाही, सेवेने दोन पावले पुढे जायचे, हे त्यामागचे तत्त्व.

व्हिक्टोरियात हे काम करणारी व्यवस्था म्हणजे मॅटर्नल अँड चाइल्ड हेल्थ नर्स. 1917 मध्ये रिचमंड येथे पहिले बाल-आरोग्य केंद्र निघाले, त्याला शंभरावर वर्षे झाली. खर्च राज्य सरकार आणि कौन्सिल मिळून करतात आणि सेवा मोफत आहे. बाळाच्या जन्मापासून साडेतीन वर्षांपर्यंत ठरलेल्या दहा भेटी असतात; पहिल्या भेटीला नर्स घरी येते. दुभाषी हवा असेल तर तोही मोफत मिळतो. वजन, उंची, ऐकणे, बोलणे, चालणे यांबरोबर आईची मनःस्थितीही ती विचारते. बाळंतपणानंतर सहा-आठ महिने मन खिन्न राहणे हे लाड नव्हेत, आजार असू शकतो. हे सांगायला घरात आई किंवा मावशी नसते तेव्हा या नर्सचा फार आधार होतो.

आपल्याकडे पहिल्या काही भेटी उत्साहाने होतात. पुढे "बाळ छान आहे, कशाला जायचे?" असे होऊन दोन वर्षांची आणि साडेतीन वर्षांची भेट राहून जाते. नेमके त्याच वयात बोलण्यातला उशीर, नजरेतला दोष, ऐकण्यातली अडचण उघडकीस येते. "घरात मराठी आणि बाहेर इंग्रजी, म्हणून तो उशिरा बोलतोय" ही समजूत चुकीची आहे. दोन भाषांमुळे बोलण्याचा विकार होत नाही. मराठी बोलणे थांबवू नका, आणि नर्सला दाखवणेही टाळू नका.

काही घरांत वेगळीच धास्ती असते : सरकारी बाई घरात आली आणि तिला काही खटकले तर मूल घेऊन जातील. खरी गोष्ट अशी की मुलाला गंभीर इजा होत असल्याचा वाजवी संशय आला तर कळवणे नर्स, डॉक्टर आणि शिक्षक यांना कायद्याने बंधनकारक आहे. पण पसाऱ्याचे घर, जमिनीवरचे अंथरूण, हाताने भरवणे, बाळाच्या कपाळावरची काजळाची तीट यांसाठी कोणी मूल नेत नाही. (काजळ मात्र डोळ्यांत घालू नये. त्यात शिसे असू शकते.)

किंडर हे राज्य सरकारचे काम. 2023 पासून व्हिक्टोरियात तीन आणि चार वर्षांच्या मुलांचे किंडर मोफत झाले आहे. स्वतंत्र किंडरमध्ये आठवड्याला 15 तासांपर्यंत फी नाही. दिवसभराच्या चाइल्ड केअरमध्ये किंडर असेल तर फीमधून ठरावीक रक्कम वजा होते. ज्या वर्षी सुरू करायचे त्या वर्षीच्या 30 एप्रिलपर्यंत वय पूर्ण व्हावे लागते. नावनोंदणी आदल्या वर्षीच करावी आणि कौन्सिलकडे चौकशी करावी. यासाठी नागरिकत्व लागत नाही, पीआरही लागत नाही. स्टुडंट व्हिसावरील घरांनी ही ओळ दोनदा वाचावी. आजी घरी आहे म्हणून मुलाला किंडरला न पाठवणारी घरे मला माहीत आहेत. आजीची माया अनमोल, पण रांगेत उभे राहणे आणि "मला शू लागली" हे इंग्रजीत सांगणे आजीकडून शिकता येत नाही.

शाळेतही बऱ्याच सोयी न विचारल्यामुळे पडून राहतात. सरकारी शाळांतील मुलांसाठी स्माइल स्क्वॉड ही दातांची मोफत सेवा आहे. सकाळच्या मोफत न्याहारीचा कार्यक्रम 2016 मध्ये 500 सरकारी शाळांत सुरू झाला आणि पुढे वाढवला गेला. कॅम्प, खेळ आणि सहलींसाठी निधी आहे, गणवेशासाठी स्टेट स्कूल्स रिलीफ ही संस्था आहे. शाळेच्या ऑफिसात हळूच विचारले तरी चालते. ते चारचौघांत बोलत नाहीत.

आता केंद्र सरकारचा पैसा. फॅमिली टॅक्स बेनिफिट 1 जुलै 2000 पासून आहे आणि त्याचे 'ए' आणि 'बी' असे दोन भाग आहेत. 'ए' हा प्रत्येक मुलामागे, कुटुंबाच्या उत्पन्नाप्रमाणे. 'बी' हा मुख्यतः एकट्या पालकासाठी किंवा जिथे एकाचाच पगार मोठा आहे अशा जोडप्यासाठी. आकडे दर वर्षी 1 जुलैला बदलतात, म्हणून खाली ढोबळ आकडे घेतो. समजा, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 76 हजार डॉलर आहे आणि मुले चार व सात वर्षांची आहेत. 'ए'चा पूर्ण दर मुलामागे पंधरवड्याला 220 डॉलरच्या थोडा वर धरा. दोन मुलांचे 26 पंधरवड्यांचे सुमारे 11,400 होतात. पूर्ण दरासाठी उत्पन्नाची मर्यादा 66 हजारांच्या आसपास आहे. तिच्या वरच्या प्रत्येक डॉलरमागे 20 सेंट कापले जातात. दहा हजार जास्त, म्हणजे 2,000 वजा. उरले 9,400 च्या आसपास. भाड्याच्या घरात राहत असाल तर यावर भाडेसाहाय्यही मिळू शकते. हे पैसे सोडून देणारी घरे आपल्यात आहेत!

एक गोष्ट दुसरीचे दार उघडते, हेही ध्यानात ठेवा. 'ए'चा पूर्ण दर पंधरवड्याने घेणाऱ्या घराला हेल्थ केअर कार्ड मिळते. त्या कार्डावर औषधे स्वस्त होतात आणि शाळेच्या कॅम्पचा निधीही मिळतो. भत्त्याची सगळी रक्कम वर्षअखेर एकदम घेण्याचा पर्यायही आहे, पण त्यात ही साखळी तुटते.

चाइल्ड केअर सबसिडी वेगळी, आणि ती थेट केंद्राला दिली जाते. कमी उत्पन्नाच्या घराला 90 टक्क्यांपर्यंत मिळते. पण ते 90 टक्के तुमच्या फीचे असतीलच असे नाही. सरकारने ठरवलेल्या ताशी मर्यादेपर्यंतच ते मोजले जातात. केंद्राची फी मर्यादेच्या वर असेल तर वरचा सगळा भार तुमचा. म्हणून केंद्र निवडताना ताशी दर विचारावा. पूर्वी आई किंवा वडील कामावर वा शिक्षणात नसतील तर अनुदानाचे तास फारच कमी मिळत. 5 जानेवारी 2026 पासून पात्र कुटुंबांना पंधरवड्याला किमान 72 तास, म्हणजे आठवड्याला साधारण तीन दिवस, मिळतात. नोकरी शोधणाऱ्या आपल्या भगिनींसाठी हा मोठा बदल आहे. मुलाखतीला जायचे तर मूल कुठे ठेवायचे, हा प्रश्न आता नोकरी लागण्याआधीच सुटू शकतो.

पण 'पात्र' या शब्दातच गोम आहे. स्टुडंट किंवा तात्पुरत्या वर्क व्हिसावरील बहुतेक कुटुंबांना ना फॅमिली टॅक्स बेनिफिट, ना ही सबसिडी. भारताशी परस्पर आरोग्यकरार नसल्याने मेडिकेअरही नाही. आयकर मात्र पूर्ण. कर घेताना व्हिसा विचारत नाहीत, मुलाच्या भत्त्याच्या वेळी विचारतात. पीआर मिळाल्यावरही काही भत्त्यांसाठी थांबावे लागते. 1 जानेवारी 2019 पासून पीआर मिळालेल्यांना बेकार भत्त्यासाठी चार वर्षे आहेत, इतरांची मुदत भत्त्याप्रमाणे आणि व्हिसाच्या तारखेप्रमाणे निराळी. निर्वासित म्हणून आलेल्यांना ही अट नाही. आपण नागरिक झाल्यावर स्थानिक खासदाराशी बोलण्याचा हा विषय आहे असे मला वाटते. 1941 मध्ये दाराबाहेर ठेवलेली मुले वेगळी होती, आज वेगळी आहेत.

शेवटी व्यवहाराच्या काही गोष्टी. उत्पन्नाचा अंदाज वर्षाच्या सुरुवातीला द्यावा लागतो. तो थोडा जास्तच द्यावा. कमी दिला आणि ओव्हरटाइममुळे उत्पन्न वाढले, तर टॅक्स रिटर्ननंतर जास्तीचे पैसे परत मागतात. नोकरी बदलली, बायको कामाला लागली, की त्याच आठवड्यात अंदाज दुरुस्त करावा. प्रत्येक पे-स्लिप जपून ठेवावी. 'रोबोडेट' या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या योजनेत संगणकाने वर्षाच्या उत्पन्नाचे सरासरी पंधरवडे पाडले आणि हजारो लोकांच्या माथी नसलेली कर्जे मारली. 2023 च्या जुलैत चौकशी आयोगाने त्यावर कडक ताशेरे ओढले. त्या वेळी जुन्या पे-स्लिपा ज्यांच्याकडे होत्या त्यांना निदान भांडता आले.

जुलै 2025 ते जून 2026 या वर्षाचा फॅमिली टॅक्स बेनिफिट घेतला नसेल तर तो 30 जून 2027 पर्यंत मागता येतो. त्यानंतर साधारणपणे नाही. सेंटरलिंकचा कुटुंबांसाठीचा फोन 136 150, बाल-आरोग्य नर्सची चोवीस तासांची लाइन 13 22 29 आणि दुभाष्यासाठी 131 450. फोन करताना मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाची नोंद, पासपोर्ट आणि टॅक्स फाइल नंबर जवळ ठेवावा.